गाडीचा चार्ज

आमच्या इमारतीतल्या वाळुंज नाना-काकूंनी अजिंठा आणि वेरूळ दोन्ही पाहिलंय. म्हणजे अजिंठा काकूंनी पाहिलाय आणि वेरूळ नानांनी. सहल एकच, गाडीही एकच. काकू अजिंठ्याच्या लेण्यांतून फिरत होत्या तेव्हा नाना खाली फाट्यावर गाडीत बसून होते. आणि नाना वेरूळच्या कैलासासमोर मान वर करून उभे होते तेव्हा काकू गाडीत बसून शेंगा सोलत होत्या. लोणारचं विवर नानांच्या वाट्याला आलं, निघोजचे रांजणखळगे काकूंच्या. एकानं बघायचं, दुसऱ्यानं गाडीत बसायचं आणि मग बघणाऱ्यानं बसणाऱ्याला सगळं सांगायचं, अशी पद्धत. असा निम्मा महाराष्ट्र नवऱ्यानं आणि निम्मा बायकोनं बघून दोघांनी मिळून तो जवळजवळ संपवत आणलाय.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, वाटेत भांडण झालं असणार. लग्न मुरलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. मी हळूच विचारलं, "नाना, मग काकू वेरूळला गाडीतून उतरल्याच नाहीत?"

"उतरतील कशा? चार्ज त्यांच्याकडं व्हता ना."

"कसला चार्ज?"

"गाडीचा!" माझ्या अडाणीपणाची कीव येऊन नाना म्हणाले, "मशीनवर माणूस नको व्हय?"

नानांचं पूर्ण नाव हौशीराम वाळुंज. मूळचे जुन्नरकडचे. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला सुपरवायझर होते. कंपनीनं त्यांना शाल-श्रीफळ देऊन सोडलं, पण त्यांनी कंपनीला अजून सोडलेलं नाही. जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ते मशीन म्हणून बघतात आणि प्रत्येक मशीनचा चार्ज कुणाकडे तरी असलाच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा आहे. आमच्या स्वयंपाकघरात शिरले की आधी गॅसकडे बघणार आणि विचारणार, "दुधाचा चार्ज कुणाकडं हाय?" माझी बायको प्राजक्ता कॉलेजात शिकवते; पण या प्रश्नाला ती शाळेतल्या मुलीसारखी हात वर करते. एका लग्नात नाना भर मांडवात पंगतीच्या टोकाला जाऊन ओरडले होते, "जिलबीवर कोण हाय?" तिथं कुणीच नव्हतं. मग नानाच उभे राहिले आणि शेवटची पंगत उठेपर्यंत हलले नाहीत. ते मुलीकडचे की मुलाकडचे, हे दोन्ही घरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मला ते 'लॅपटॉप' म्हणतात. मी हिंजवडीला नोकरी करतो आणि आठवड्यातले निम्मे दिवस थेरगावातल्या आमच्या घरूनच काम करतो. हे त्यांना मान्य नाही. "काय लॅपटॉप, आज पण घरूनच ड्युटी? अरे, गेट न्हाई, भोंगा न्हाई, कँटीन न्हाई. ही काय कंपनी म्हनायची?"

काकूंचं नाव इंदुमती; पण नाना त्यांना 'सिस्टर' म्हणतात. काकू चिंचवडच्या एका दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या, त्याही कायम रात्रपाळीला. सगळा दवाखाना सिस्टर म्हणायचा, मग नवऱ्यानंच का मागे राहायचं? आम्ही इथे राहायला आलो तेव्हा समोरच्या दारातून रोज हाक ऐकू यायची, "सिस्टर, दूध आलंय!" आणि आतून उत्तर, "सुपरवायझर, मग घ्या की!" प्राजक्तानं निष्कर्ष काढला की ही दोघं भाऊ-बहीण आहेत, लग्नं केलेली नाहीत, बिचारी एकमेकांना धरून राहिलीत. भाऊबीजेला ती फराळाचं ताट घेऊन गेली आणि मोठ्या मायेनं म्हणाली, "काकू, झालं का नानांना ओवाळून?"

काकू म्हणाल्या, "झालं की. पाडव्यालाच."

आता ती गाडी. कंपनीतल्या कामगारांची ने-आण करणारी जुनी मिनीबस भंगारात निघाली, ती नानांनी उचलली. भोसरीत त्यांच्या मित्राचं वर्कशॉप आहे, तिथे त्या गाडीचं घर झालं. वर्कशॉपवाल्या मंडळींनी लाकूड नावाची वस्तू उभ्या आयुष्यात वापरलेली नाही. ओटा लोखंडी, कपाट लोखंडी, आणि मागे एक कॉट आहे ती अशा चॅनेलवर वेल्ड केलीय की तिच्यावर लेथ मशीन ठेवलं तरी कुरकुरणार नाही. कॉटला एका बाजूनं कठडा. या सगळ्या लोखंडामुळे गाडी घाट चढताना दिवस भरलेली बाई चालावी तशी चालते आणि मागे ट्रकांची रांग लागते. ट्रकवाले जे बोलतात ते नानांना ऐकू येत नाही, काकूंना येतं. पण त्या दवाखान्यातल्या असल्यामुळे त्यांनी याहून वाईट ऐकलेलं आहे.

गाडीच्या पुढच्या काचेवर 'कंपनी ड्यूटी' अशी लाल अक्षरं आहेत. ती खरवडून काढा, असं सगळ्यांनी सांगून झालं. "अक्षरं चांगली हायेत. कशाला काढायची?" असं नानांचं म्हणणं. परिणाम व्हायचा तो झालाच. एकदा सकाळी दोघं नाणेघाटाला निघाले होते. मोशीच्या सिग्नलला गाडी थांबली, तर रात्रपाळी करून आलेले दोन कामगार डब्याच्या पिशव्यांसकट दार उघडून आत शिरले, कॉटवर आडवे झाले आणि सिग्नल सुटायच्या आत घोरायला लागले.

कुणीही शहाण्या माणसानं काय केलं असतं? उठवलं असतं. नानांनी आरशात बघितलं, काकूंनी मागे वळून बघितलं. काकू म्हणाल्या, "दमल्यात पोरं." नाना म्हणाले, "झोपू द्या." आणि गाडी चाकण, मंचर, नारायणगाव करत सुटली. दोघांना जाग आली तेव्हा समोर कोकण पसरलं होतं आणि बाजूला प्राचीन दगडी रांजण होता.

"काका, ही कुठली कंपनी?" एकानं विचारलं.

"कंपनी न्हाई. घाट हाय. चा घ्या."

त्या दिवशी बघायची पाळी नानांची होती. ते त्या दोघांना युनिफॉर्मवरच घाट उतरवून गुहा दाखवून आले, जेवू घातलं आणि संध्याकाळी पुन्हा मोशीच्या त्याच सिग्नलला आणून सोडलं. त्यातल्या एकाचा अजूनही नानांना फोन येतो, "काका, पुढची ट्रिप कधी?"

सहलीवरून आले की पुढचे आठ-पंधरा दिवस संध्याकाळी दोघं पार्किंगमध्ये गाडीतच चहा घेत बसतात आणि बघितलेलं पुन्हापुन्हा सांगतात. मीही कधीमधी जाऊन बसतो. वेरूळच्या कैलासाबद्दल मी शाळेत, पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं. पण खरं कळलं ते नानांकडून. "लॅपटॉप, आख्खा एकच जॉब हाय. मशिनिंग वरनं सुरू केलंय. जॉइंट न्हाई, वेल्डिंग न्हाई. येक छिन्नी जास्त खोल गेली असती ना, तर आख्खा डोंगर स्क्रॅप! आनि एवढं करून कुठं कुणाचं नाव न्हाई. आमच्याकडं येक ब्रॅकेट बनवली तरी सतरा सह्या लागायच्या." लोणारबद्दल त्यांचं मत वाईट आहे. "ॲक्सिडेंट साइट हाय ती. वरनं मटेरियल पडलंय. खाली कोण हाय, न्हाई, बघायचं न्हाई का?"

काकूंची नजर वेगळी. निघोजला नदीनं खडकात पाडलेले ते मोठमोठे खळगे बघून आल्यावर त्यांनी नानांना सांगितलं, "अहो, खडकाला बेडसोअर झाल्यात. येकाच जागी किती वर्सं पाणी घासत ऱ्हायलं असंल. कुणी कूस बदलायलाच न्हाई." अजिंठ्यातल्या शेवटच्या निजलेल्या बुद्धमूर्तीबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज खाली आला होता. "बुद्ध भगवान उजव्या कुशीवर हायेत. उशी बरोबर मानंखाली, हात गालाखाली. खाली मंडळी रडत्यात, पन कुणी अंगावर पडत न्हाई, वाऱ्याला जागा सोडून बसल्यात. ज्यानं ते कोरलं ना, त्यानं आजाऱ्याची सेवा केलेली असनार. त्याबिगर उशी अशी जमत न्हाई."

गंमत अशी की नाना ही मूर्ती न बघता काकूंपेक्षा चांगली सांगतात. एकदा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी नुकतेच अजिंठ्याहून आलेले भेटले. नानांनी विचारलं, "उशी बघितली का?" कुलकर्ण्यांनी उशी बघितली नव्हती. नाना म्हणाले, "मग काय बघितलं तुमी? परत जा."

साहजिक प्रश्न मीही विचारला होता. एकानं बघून आल्यावर दुसऱ्यानं जायला काय हरकत आहे? गाडीचा चार्ज घ्या, पाळी बदला, दोघांचंही बघून होईल. नानांनी यावर मान हलवली. "एकदा तपासलेला माल परत कशाला तपासायचा? आमचा येकमेकांवर विश्वास हाय." मी ते 'वय झालेल्या माणसांचं खूळ' या सदरात टाकून दिलं.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या गुडघ्यांनी बंड पुकारलं. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं आणि वर सुनावलं, की यापुढे लेणी, गड, पायऱ्या विसरायच्या. सगळा महाराष्ट्र पालथा घालून झाला होता, पण हाकेच्या अंतरावरची बेडसे लेणी तेवढी राहिली होती. कामशेतच्या पुढे, पवनेच्या बाजूला. जवळ आहे म्हणून राहिलेलं. दारातला देव कुणी बघत नाही, तसं. पाळी काकूंची होती. पण वर चढून जायला पायऱ्या, आणि काकूंना आता हाताला धरल्याशिवाय जिना चढवत नव्हता.

पार्किंगमध्ये गाडीत चहा चालला होता, मीही होतो. नाना म्हणाले, "मी बघून येतो. येऊन सांगतो तुमाला सगळं. चुकवनार न्हाई काही."

काकूंनी कप खाली ठेवला. "न्हाई. मला ह्या बारीला तुमच्यासंगं बघायचंय. दोघांनी. येकदाच."

प्रेसमध्ये हात घाल म्हणून सांगितल्यासारखा नानांचा चेहरा झाला. म्हणाले, "सिस्टर, चार्ज कुणाकडं द्यायचा?"

मला त्या क्षणी काय झालं कुणास ठाऊक. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची माझी नसती सवय. मी म्हणालो, "मी बसतो की गाडीत."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. काकूंच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. नानांच्या डोळ्यांत माझ्याविषयी घोर संशय होता. "ट्रेनिंग घ्यावं लागंल," ते म्हणाले.

ट्रेनिंग रविवारी दुपारी ठरलं. 'कंडिशन खराब असताना टेस्ट घ्यायची' हे नानांचं तत्त्व, म्हणून आधी काकूंनी मला मटणाचं जेवण घातलं. रस्सा, भाकरी, वर इंद्रायणीचा भात, आणि नाना शेजारी बसून आग्रह करत होते. मग मला पार्किंगमधल्या गाडीत नेऊन बसवलं आणि सूचना दिल्या. मोबाइल बघायचा नाही. कानात काही घालायचं नाही. पेपर चालेल, पण मथळेच वाचायचे, आत शिरायचं नाही. गाडीतून उतरायचं नाही. "आनि अधनंमधनं मागं कॉटकडं नजर टाकायची."

"कॉटवर काय आहे?"

"काही न्हाई. नजर टाकायची."

मी नजर टाकली. दोन-तीनदा टाकली. नंतर तिच्यावर टाकलेली नजर तिथेच राहिली असावी, कारण काचेवर टकटक झाली तेव्हा मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलो होतो आणि नाना बाहेर उभे होते.

"फेल," ते म्हणाले.

मटणाचा अंमल होता, झोपमोड झाली होती. मी जरा चिडूनच म्हणालो, "अहो नाना, रिकामी गाडी ही! पार्किंगमध्ये उभी! आत आहे तरी कोण?"

नानांनी चपला काढल्या आणि ते पुढच्या बंपरवर चढले. खिशातलं फडकं काढून त्यांनी समोरची काच पुसायला घेतली. काच स्वच्छच होती. ती नीट पुसून झाल्यावर फडक्याची घडी केली, खिशात ठेवली, खाली उतरले आणि जिना चढून वर निघून गेले. चपला मात्र तिथेच राहिल्या.

काकू मागच्या दारात उभ्या होत्या. कॉटच्या कडेला टेकून बसल्या आणि मला म्हणाल्या, "सुहास, बस."

मग त्यांनी सांगितलं. त्यांना एक मुलगी होती, सविता. लहानपणापासून तिला फिट यायच्या. केव्हा येईल याचा नेम नाही. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, तिच्याजवळ कायम एक जागं माणूस पाहिजे. गावाकडून मदतीला बोलवावं असं कुणी नव्हतं, परक्यावर सोपवायची हिंमत नव्हती. मग नानांनी साहेबाच्या हातापाया पडून कायमची दिवसपाळी मागून घेतली आणि काकूंनी रात्रपाळी.

"ह्ये घरात शिरायचे, तवा मी उंबऱ्यातनं बाहेर पडायचे. दारातच चार्ज द्यायचा. गोळी दिली, जेवली, येकदा आली व्हती, आता झोपलीय. झालं, मी निघाले. लग्नकार्य असो, जत्रा असो, येकानं जायाचं. जो जाईल त्यानं घरी येऊन दुसऱ्याला सांगायचं, म्हंजी सवितालाबी ऐकायला मिळायचं. ह्ये सांगाया लागले की ती टाळ्या वाजवायची. वरातीतला घोडा म्हटलं की ह्ये घोडा व्हायचे." काकू हसल्या. "तिचं लग्नाचं वय सरून गेलं, तरी ह्ये घोडा व्हायचे."

मी मागे कठड्याकडे बघितलं. कठडा कशासाठी, हे विचारायची आता गरज नव्हती.

"वेरूळचा डोंगर टीव्हीवर बघितला व्हता तिनं. तवापासनं मागं लागली. मग ह्यांनी ठरवलं, रिटायर झालो की गाडी घ्यायची. मागं कॉट टाकायची, तिला झोपवून न्यायाचं. येकानं तिच्यापाशी बसायचं, येकानं बघून येऊन तिला सांगायचं. वर्कशॉपात कॉट वेल्ड झाली आनि त्याच महिन्यात ती गेली. झोपंतच. त्या वक्ताला चार्ज ह्यांच्याकडं व्हता. जागेच व्हते. समोरच बसल्याले. तरी गेली."

पार्किंगमध्ये कुणाची तरी स्कूटर सुरू होऊन बाहेर गेली.

"मग ह्ये गाडी इकायला निघाले. मी म्हनलं, इकायची न्हाई. ठरल्याप्रमानं जाऊ. गेलो. पन पहिल्याच ठिकानी गाडी सोडून दोघांनी उतरायचं म्हनलं, तर ह्यांचा पाय खाली येईना. माझाबी येईना, खोटं कशाला सांगू? ती दोन पोरं झोपली व्हती ना नाणेघाटाच्या वक्ताला, त्या दिवशी ह्यांना गाडी चालवायला लई बरं वाटलं."

काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जा, त्यांच्या चपला तेवढ्या वर ने."

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या दारात उभा राहिलो. "नाना, परत टेस्ट घ्या."

"जेवून आलायस का?"

"तट्ट."

"चल."

या वेळी मी पापणी हलू दिली नाही. नानांनी मध्येच जिन्याआडून, मग सोसायटीच्या टाकीमागून आणि एकदा चक्क कुलकर्ण्यांच्या गाडीखालून डोकावून बघितलं. शेवटी काचेशी येऊन म्हणाले, "पास. पन कॉटकडं बघताना मान जरा जास्त वळव."

पुढच्या शनिवारी आम्ही निघालो. डांगे चौकातून बाहेर पडायलाच एक युग गेलं. देहूरोड, वडगाव, कामशेत. नाना गाडी चालवत होते, काकू शेजारी, मी मागे. बेडशाच्या पायथ्याला गाडी लावली. काकूंनी काठी घेतली आणि उतरून पायऱ्यांशी जाऊन उभ्या राहिल्या. नानांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि चार्ज दिला. पाणी भरलेलं आहे, गॅस बंद आहे, हँडब्रेक लावलाय. मग चार पावलं गेले आणि परत आले. गॅस बंद आहे ना, ते बघितलं. पुन्हा गेले, पुन्हा आले. हँडब्रेक ओढून बघितला. तिसऱ्यांदा आले तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. नुसतेच दाराला धरून उभे राहिले.

"सुपरवायझर," काकूंनी पायऱ्यांवरून हाक मारली, "येताय का मी जाऊ येकटी?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. "लॅपटॉप, बघशील ना?"

"बघतो, नाना. तुम्ही जा."

ते गेले. काकूंनी एका हातात काठी धरली होती, दुसऱ्या हातानं नानांचा दंड. प्रत्येक पायरीला थांबत, श्वास घेत. नानांनी मागे वळून बघितलं की काकू त्यांचा दंड ओढायच्या. एका वळणावर दोघं दिसेनासे झाले आणि गाडीत मी एकटा उरलो.

मी मान वळवून कॉटकडे बघितलं. वर धुतलेली चादर होती, उशाशी घडी केलेली गोधडी. मला तिथे कुणी दिसलं वगैरे नाही, मी तसला माणूस नाही. पण मोबाइलला हात लावायची माझी छाती झाली नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी इतक्या मनापासून कुठलीही ड्युटी केलेली नाही, हे माझ्या कंपनीला कळू नये.

पुष्कळ वेळानं वरून आवाज यायला लागले. आधी नुसते आवाज, मग शब्द. मला वाटलं, काकू पडल्या की काय! तर नाही. वाळुंज पती-पत्नी पायऱ्या उतरता उतरता कडाकडा भांडत होते.

"अहो, घोडा हाय तो! खांबावर वर घोडा हाय आनि त्याच्यावर नवरा-बायको बसल्यात!"

"बैल हाय. मला काय बैल कळत न्हाई? जल्म गेला गोठ्यात."

"जल्म प्रेस शॉपात गेला तुमचा! वशिंड कुठं व्हतं? सांगा ना, कुठं व्हतं वशिंड?"

"तुमाला चष्मा लागलाय, सिस्टर."

"तुमाला अक्कल लागंल!"

आजवर यांच्यात कधी भांडण झालंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. होणार कसं? एकानं बघितलेलं, दुसऱ्यानं ऐकलेलं. जो बघून आला तोच खरा. आज आयुष्यात पहिल्यांदा दोघांनी एकाच वेळी एकच वस्तू बघितली होती आणि दोघांनाही ती वेगळी दिसली होती. काकूंचा चेहरा लाल झाला होता, पदर घामानं भिजला होता, गुडघ्यांनी शिव्या दिल्या असतील त्या वेगळ्या. आणि तरी त्या इतक्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या. नाना तर वाद घालण्याच्या नादात मला चार्ज विचारायलाच विसरले.

"सुहास, तू सांग. घोडा का बैल?"

"काकू, मी बघितलंच नाही अजून."

"मग जा की वर! बघून ये. नीट बघ. खांबांच्या डोक्यावर, उजवीकडं. आमी हाओत हितं," नाना म्हणाले.

मी गेलो. वर जाऊन बघितलं. उंच खांब, त्यांच्या डोक्यावर जनावरं, जनावरांवर ऐटीत बसलेली जोडपी. मान दुखेपर्यंत बघितलं. घोडेही होते आणि बैलही होते. नाना एका खांबाखाली उभे राहिले असतील, काकू दुसऱ्या. कुणाच्या बाजूनं निकाल द्यायचा, याचा विचार करत मी खाली आलो.

गाडीचं दार सताड उघडं होतं. पुढच्या सीटवर काकू काठी छातीशी धरून, मान एका बाजूला टाकून झोपल्या होत्या. शेजारी स्टिअरिंगमागे नाना. तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि घोरणं असं की मोशीची ती दोन पोरं लाजली असती. दोघंही. एकाच वेळी. गाडीत जागं कुणीच नव्हतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायलाही तिथे कुणी नव्हतं. मी आवाज न करता पुढच्या चाकाजवळच्या दगडावर बसलो. गाडीकडे पाठ करून नाही, तोंड करून.

थोड्या वेळानं एक गुराखी शेळ्या घेऊन आला. शेळ्या उघड्या दारातून आत डोकावायला लागल्या, त्या मी हातानं हाकलल्या. तो मोठ्यानं म्हणाला, "काय राव, कंपनीची गाडी इकडं कुठं?"

मी तोंडावर बोट ठेवलं. "हळू. झोपलेत."

त्यानं आत वाकून बघितलं. मग आवाज उतरवून विचारलं, "कोन हाय?"

"आमच्या घरची माणसं आहेत," मी म्हणालो.